रुग्णालयातील किरणोत्सर्ग : तपासणी कोणी करायची?



कर्करोगावर उपचार करणाऱ्या रुग्णालयात बहुधा तळमजल्याच्या एका टोकाला एक खोली असते. तिच्या भिंती काँक्रीटच्या आणि तीन-चार फूट जाड असतात. दारातून शिरल्यावर सरळ आत जाता येत नाही. किल्ल्याच्या महाद्वारामागे असावे तसे एक वळण घ्यावे लागते. आतल्या यंत्राच्या डोक्यात, जाड धातूच्या आवरणाखाली, अंगठ्याच्या पेराएवढी पोलादी डबी असते आणि तिच्यात कोबाल्ट-६० असतो. नव्या स्रोताची तीव्रता दहा हजार क्युरींच्या आसपास असते. याच डबीतून निघणाऱ्या गॅमा किरणांनी देशातील असंख्य रुग्णांना आयुष्याची वर्षे मिळवून दिली आहेत.

या डबीचे एक वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. क्ष-किरण यंत्राची वीज बंद केली की किरण थांबतात. कोबाल्टला कळ नाही. रुग्ण असो वा नसो, रुग्णालय चालू असो वा त्याला टाळे लागलेले असो, डबीतून किरण निघतच राहतात. कळ दाबल्यावर डबी फक्त आवरणातील छिद्रासमोर येते आणि काम झाले की मागे जाते. कोबाल्ट-६० ची तीव्रता निम्मी व्हायला सव्वापाच वर्षे लागतात आणि सिझियम-१३७ ची निम्मी व्हायला तीस वर्षे. माणसाच्या स्मरणशक्तीची परीक्षा पाहणारा हा काळ आहे. यंत्र विकत घेणारा विश्वस्त, ते चालविणारा डॉक्टर आणि नोंदवही ठेवणारा कारकून हे तिघेही निवृत्त होतात. डबी मात्र तिथेच असते.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली जे घडले ते या विस्मरणातूनच. तेथील एका खासगी उपचार संस्थेने १९८५ च्या अखेरीस आपली जागा बदलली. जाताना सिझियम-१३७ चे उपचार यंत्र जुन्या इमारतीतच राहू दिले. परवाना देणाऱ्या खात्याला तसे कळविण्यात आले नाही. पुढे इमारतीचा काही भाग पाडला गेला आणि ती बेवारस झाली. १३ सप्टेंबर १९८७ रोजी दोन जण आत शिरले आणि धातूला चांगला भाव येईल म्हणून यंत्राचा मुख्य भाग हातगाडीवरून घरी घेऊन गेले. पाच दिवसांनी तो एका भंगारवाल्याकडे पोहोचला. रात्री त्या वस्तूतून निळसर प्रकाश बाहेर पडताना त्याला दिसला. हे काहीतरी मौल्यवान आहे असे समजून त्याने ती घरात नेली आणि आतील पदार्थाचे तांदळाच्या दाण्याएवढे कण नातेवाईकांना, स्नेह्यांना दिले. एका सहा वर्षांच्या मुलीने ती चमकती पूड अंगाला लावली आणि त्याच हाताने जेवण केले.

घरातील एकेक माणूस आजारी पडू लागला. या सर्वांचे मूळ त्या चमकत्या वस्तूत आहे, हे सर्वप्रथम ओळखले ते भंगारवाल्याच्या पत्नीने. कोणतेही शास्त्रीय शिक्षण नसलेल्या त्या बाईने २८ सप्टेंबर रोजी ते अवशेष पिशवीत भरायला लावले आणि एका कामगाराला बरोबर घेऊन बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाला बोलावण्यात आले. त्याने उसने आणलेले मोजमापाचे उपकरण कार्यालय बरेच दूर असतानाच टोकाचा आकडा दाखवू लागले. उपकरण बिघडले असावे असे समजून तो दुसरे घेऊन आला. त्यानेही तेच दाखविले. अग्निशमन दलाचे जवान तोवर ती पिशवी नदीत फेकून देण्याच्या विचारात होते. शास्त्रज्ञ वेळेवर पोहोचला म्हणून नदी वाचली.

एक लाखाहून अधिक नागरिकांची एका क्रीडांगणात तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सिझियम सापडले. चार जण दगावले. त्यांत ती सहा वर्षांची मुलगी होती आणि ती भंगारवाल्याची पत्नीही होती. हा सारा अनर्थ घडविणारा पदार्थ वजनाने शंभर ग्रॅमही नव्हता.

हे दूरच्या देशातले झाले, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. आपल्या राजधानीत, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात, एप्रिल २०१० मध्ये याच कथेची पुनरावृत्ती झाली. तेथील यंत्र रुग्णालयातले नव्हते, विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले होते, पण आतला पदार्थ तोच म्हणजे कोबाल्ट-६० होता. १९६८ साली कॅनडातून आणलेले ते यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये अन्य निरुपयोगी सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला. भंगार कामगारांनी ते फोडले. काही दिवसांतच एका दुकानदाराची त्वचा काळवंडली आणि केस गळू लागले. रुग्णालयातील डॉक्टरांना किरणोत्सर्गाची शंका आली आणि मग धावपळ सुरू झाली. एका दुकानदाराच्या खिशातील पाकिटातही कोबाल्टचा तुकडा निघाला. २६ एप्रिल रोजी एका कामगाराचा मृत्यू झाला, आणखी काही जण दीर्घकाळ उपचार घेत राहिले.

या घटनेत दुष्ट कोणीच नव्हते. कोणी चोरी केली नाही, कोणी कट रचला नाही. सुशिक्षितांच्या एका नामांकित संस्थेत, कोठीत काय आहे हे सांगू शकणारा माणूस उरला नव्हता, इतकेच. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ची, म्हणजे यंत्र आले त्यानंतर पंधरा वर्षांनी. जुने ते सारे नव्या वहीत उतरविण्याचे काम किती जिकिरीचे असते, हे ज्यांनी कुठल्याही संस्थेचा पदभार स्वीकारला आहे त्यांना सांगायला नको.

तपासणी म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्याकडे गैरसमज फार. निरीक्षक येतो, चहा घेतो, दोन कागद पाहतो आणि शेरा मारून जातो, असे चित्र मनात असते. किरणोपचार विभागाची खरी तपासणी वेगळी असते. प्रथम साठ्याची वही. कोणता स्रोत, कोणत्या दिवशी, किती तीव्रतेचा आला आणि आज तो कोठे आहे? वहीतील प्रत्येक ओळीसाठी प्रत्यक्ष वस्तू दाखवावी लागते. मग विकिरण सुरक्षा अधिकारी कोण, त्याची नियुक्ती मंडळाने मान्य केलेली आहे काय, की तो नोकरी सोडून गेल्यावर त्याचे नाव तसेच फलकावर राहिले आहे, हे पाहिले जाते. हा प्रकार घडतो, म्हणूनच तो विचारावा लागतो.

त्यानंतर निरीक्षक खोलीकडे वळतो. उपचार चालू असताना दार उघडले तर स्रोत आपोआप मागे गेला पाहिजे. तो जातो काय, हे दार उघडूनच पाहायचे असते. आपत्कालीन कळ, खोलीतील इशारा देणारे उपकरण, वीज गेल्यावर ते चालविणारी बॅटरी, रुग्णावर नजर ठेवणारा कॅमेरा, हे सर्व प्रत्यक्ष चालवून पाहायचे. भिंतींबाहेर, नियंत्रण कक्षात, प्रतीक्षागृहातील बाकावर किती किरण पोहोचतात ते मोजायचे. स्रोत आत असताना यंत्राच्या डोक्यातून किती गळती होते ते मोजायचे. आणि ज्या उपकरणाने रुग्णालय रोज मोजते, त्या उपकरणाचीच पडताळणी मुदतीत झाली आहे ना, हेही पाहायचे. तराजू खोटा असेल तर वजनाच्या वहीला काय अर्थ?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तंत्रज्ञाला तोंडी विचारला जातो : उपचार संपला, पण स्रोत मागे गेलाच नाही, तर काय कराल? उत्तर पुस्तकात आहे. आपत्कालीन कळ दाबायची. तरीही लाल दिवा गेला नाही तर आत जायचे, किरणांच्या सरळ झोताच्या वाटेत न येता रुग्णाला बाहेर काढायचे, दार बंद करायचे, सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचे. स्रोत ढकलण्यासाठी एक लांब दांडा यंत्राशेजारी टांगलेला असतो. तो दांडा जागेवर आहे काय? तो हातात घेऊन सराव कधी केला? ज्या विभागात तंत्रज्ञ सेकंदाचाही विचार न करता दांड्याकडे बोट दाखवितो, तो विभाग सुरक्षित आहे असे समजावे. ज्या विभागात दांडा शोधावा लागतो, तेथील कागदपत्रे कितीही नीटनेटकी असोत, त्यांचे मोल फार नाही.

अमेरिकेसारख्या प्रगत राष्ट्रातील दोन घटना या संदर्भात उद्बोधक आहेत. पेनसिल्व्हेनिया राज्यात नोव्हेंबर १९९२ मध्ये एका वृद्ध महिलेवर इरिडियम-१९२ चा बारीक स्रोत शरीरात सोडून उपचार करण्यात आले. उपचारादरम्यान स्रोत तारेपासून तुटून तिच्या शरीरातील नळीत राहिला. खोलीतील इशारायंत्र वाजत होते. पण नियंत्रण फलकावर सर्व ठीक असल्याचे दिसत होते, आणि ते इशारायंत्र पूर्वीही विनाकारण वाजत असे. तेव्हा कर्मचाऱ्यांनी फलकावर विश्वास ठेवला. हातात धरायचे मोजमापाचे उपकरण त्या ठिकाणी होते. ते कोणी रुग्णाजवळ नेले नाही. ती महिला शुश्रूषागृहात परत गेली आणि पाच दिवसांत मरण पावली. शुश्रूषागृहातील कर्मचारी, भेटीला आलेले आप्त, रुग्णवाहिकेतील माणसे अशा नव्वदहून अधिक जणांना किरणांचा संसर्ग झाला. हा सारा प्रकार उघडकीस आला तो कचऱ्याच्या गाडीमुळे. कचरा प्रकल्पाच्या दारावरील संवेदकाने गाडी अडविली, रुग्णालयाने मात्र रुग्णाला अडविले नव्हते.

दुसरी घटना ओहायो राज्यातील, १९७४ ते १९७६ या काळातील. कोबाल्ट दरमहा सुमारे एक टक्क्याने क्षीण होतो, त्यामुळे उपचाराचा वेळ त्या प्रमाणात वाढवीत न्यावा लागतो. तेथे हा हिशेब एका आलेखावरून केला जाई आणि आलेखच चुकीचा काढला गेला होता. कोबाल्ट प्रत्यक्षात क्षीण होत होता त्याहून अधिक वेगाने क्षीण होतो असे कागद सांगत राहिला आणि रुग्णांना अधिकाधिक वेळ किरण दिले गेले. जवळजवळ दोन वर्षे कोणी प्रत्यक्ष मोजमाप केले नाही. चारशेहून अधिक रुग्णांना ठरल्यापेक्षा जास्त मात्रा मिळाली. यंत्रात एक स्क्रूसुद्धा बिघडलेला नव्हता.

वर्षातून एकदा येणारा निरीक्षक यांपैकी काय रोखू शकला असता? फार थोडे. निरीक्षक ज्या दिवशी येतो त्या दिवशी इशारायंत्र बरोबर वाजते. उरलेल्या दिवशी ते वाजले तर त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे संस्थेच्या संस्कारावर ठरते. तपासणीचे खरे काम संस्था स्वतःची तपासणी रोज करते की नाही, हे पाहण्याचे आहे. सकाळचा पहिला रुग्ण टेबलावर घेण्यापूर्वी यंत्राची चाचणी झाली आणि तिची नोंद त्याच सकाळी झाली, की महिन्याच्या अखेरीस एकाच शाईने तीस दिवसांच्या सह्या झाल्या? अनुभवी निरीक्षकाच्या नजरेला हे कळते.

अण्वौषध विभागाची गोष्ट थोडी निराळी. तेथे पदार्थ डबीत बंद नसतो, तो औषध म्हणून रुग्णाच्या शरीरात जातो. तपासणीसाठी दिला जाणारा टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मा होतो, पेट स्कॅनसाठीचा फ्लोरिन-१८ दोन तासांच्याही आत. थायरॉइडच्या कर्करोगासाठी दिले जाणारे आयोडीन-१३१ आठ दिवस घेते. अशा रुग्णाला काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवतात. त्याचे मलमूत्र थेट गावाच्या गटारात सोडता येत नाही, ते साठवण टाकीत ठेवून तीव्रता ओसरल्यावरच सोडायचे असते. टाकी बांधणे खर्चाचे आणि ती वापरणे कंटाळ्याचे. येथे निरीक्षक टाकीच्या झडपा आणि नोंदवही दोन्ही पाहतो. रुग्ण घरी गेल्यावर तान्ह्या बाळाला व गर्भवतीला काही दिवस त्याच्यापासून दूर ठेवावे, ही सूचना त्याच्या भाषेत, लेखी दिली जाते काय, हेही विचारले जाते. सूचना इंग्रजीत छापून सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याच्या हाती ठेवणे ही नियमाची पूर्तता झाली, रुग्णाची काळजी झाली नाही.

या विभागांत काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटी पट्टी लावलेली असते. तिला टीएलडी बॅज म्हणतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वदेशी पदार्थ वापरून ती विकसित केली आणि गेली पाच दशके देशातील किरणोत्सर्गी कामगारांची मात्रा तिच्यावर मोजली जाते. मर्यादा निश्चित आहे : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा अधिक नाही. सर्वसामान्य नागरिकासाठी ती वर्षाला केवळ १ मिलिसिव्हर्ट आहे. पण पट्टी टेबलाच्या खणात ठेवून माणूस यंत्राजवळ गेला तर पट्टी खोटे सांगते. पट्टी कोटाला लावून कोट उपचाराच्या खोलीत विसरला तरीही ती खोटे सांगते, फक्त उलट दिशेने. दोन्ही प्रकार घडतात. कामगाराला वाटते, ही पट्टी मालकासाठी आहे. ती त्याच्या मुलाबाळांसाठी आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता राष्ट्रीय चित्राकडे वळावे लागेल. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ साली या विषयावर संसदेला सादर केलेला अहवाल अस्वस्थ करणारा होता. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० केंद्रे मंडळाकडे नोंदणीकृत असल्याचे त्यात म्हटले होते. क्ष-किरण यंत्रात किरणोत्सर्गी पदार्थ नसतो, हे खरे. पण किरणोपचार केंद्रे, जेथे धोका सर्वाधिक, त्यांच्या तपासणीतही ८५ टक्क्यांहून अधिक तूट अहवालाने नोंदविली. प्रत्येक राज्यात विकिरण सुरक्षा संचालनालय असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच सांगितले होते. अहवालाच्या वेळी ते केवळ केरळ आणि मिझोराम या दोन राज्यांत उभे राहिले होते. स्वतःला पुरोगामी म्हणविणारा महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला असताना ही स्थिती असावी, याचे आश्चर्य वाटते.

त्यानंतर सुधारणा झाल्या. परवाने, नोंदणी आणि स्रोतांचा हिशेब संगणकावर आला. दक्षिणेत, पूर्वेत आणि उत्तरेत मंडळाची प्रादेशिक केंद्रे काम करू लागली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या अणुऊर्जा कायद्यात मंडळाला वैधानिक दर्जा देण्यात आला. ही मागणी अनेक वर्षांची होती. ज्याची तपासणी करायची त्याच्याच छत्राखाली तपासनीस बसला तर त्याच्या शब्दाला धार राहत नाही, हे व्यवहारात प्रत्येकाला कळते. मात्र दर्जा मिळाला म्हणून निरीक्षकांची संख्या आपोआप वाढत नाही. त्यासाठी भौतिकशास्त्राचे पदवीधर या शाखेकडे वळले पाहिजेत. मध्यमवर्गीय घरांतून मुलांना अभियांत्रिकी आणि संगणकाकडे पाठविण्याची जी चढाओढ असते, तीत वैद्यकीय भौतिकी हा विषय कोणाला आठवतही नाही. भाभा केंद्रात त्याचे उत्तम शिक्षण मिळते आणि रुग्णालयांना ही माणसे हवीच असतात.

या सगळ्याने कोणी घाबरून उपचार नाकारू नयेत. अज्ञानातून आलेली बेफिकिरी जितकी घातक, तितकीच अज्ञानातून आलेली भीतीही. किरणोपचाराला ‘शेक’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. शेक घेतलेल्या माणसाजवळ बसू नये, त्याचे ताट वेगळे ठेवावे, असे अजूनही काही घरांत पाळले जाते. हे पूर्णतः चुकीचे आहे. बाहेरून कोबाल्टचे किरण घेतलेला रुग्ण स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, जसा उन्हात बसलेला माणूस दिवा होत नाही. त्याच्या नातवंडाने त्याच्या मांडीवर खुशाल बसावे. आयोडीन घेतलेल्याची गोष्ट तेवढी वेगळी, आणि तीही काही दिवसांपुरती.

आणि अभिमान बाळगावा असेही बरेच आहे. परळला १९६३ साली भाभा केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्र सुरू झाले. ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र २००५ साली खारघर येथे प्रथम बसविण्यात आले आणि पुढे भारताने ते व्हिएतनामसारख्या मित्रराष्ट्रालाही दिले. परदेशी यंत्राच्या तुलनेत ते स्वस्त पडते, म्हणून लहान शहरांतील धर्मादाय रुग्णालयांनाही ते परवडू शकते. यंत्र स्वदेशी झाले, तेव्हा ते सांभाळण्याची शिस्तही आयात करावी लागू नये.

रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर समाजातील प्रतिष्ठित मंडळी असतात. ताळेबंद ती बारकाईने पाहतात. वर्षातून एका बैठकीत सुरक्षा अधिकाऱ्याला समोर बसवून किरणोत्सर्गी साठ्याची वहीही वाचून घ्यावी. स्रोत किती, कोठे आणि त्यांची मुदत कधी संपते, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. रुग्णालयाची जागा बदलायची असेल, विश्वस्तांत तंटा लागला असेल किंवा संस्था बंद पडण्याच्या बेतात असेल, तर सर्वांत आधी हीच वही उघडली पाहिजे. गोयानियात जागा बदलली तेव्हा नेमके हेच झाले नाही.

क्षीण झालेला स्रोत भंगारात द्यायचा नसतो, कुलपात विसरायचाही नसतो. तो पुरवठादाराला परत करायचा असतो आणि तशी हमी खरेदीच्या वेळीच घेतलेली असते. देशी स्रोत वाशीच्या ब्रिट या संस्थेतून येतात. मंडळाची लेखी परवानगी मिळाल्यावर शिशाचे भक्कम पात्र मालमोटारीने येते, डबी त्यात उतरविली जाते आणि पात्रावर तीन पाकळ्यांचे चिन्ह असते. त्या चिन्हाचा अर्थ सर्वसामान्यांना कळत नाही, हे भारतासह अकरा देशांत पाहणी केल्यावर लक्षात आले. म्हणून २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणखी एक चिन्ह आणले : लाल त्रिकोणात किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या बाहेर लावत नाहीत. आवरण फोडणाऱ्याला दिसावे म्हणून ते आत, स्रोताच्या जवळ लावतात. डबी पोहोचल्याची पावती परत आली की ती वहीत चिकटवायची आणि त्या स्रोतापुढची ओळ तारीख घालून बंद करायची.